जिभेची सेवाज्येष्ठता

माणूस गुडघ्यापासून म्हातारा होतो असा एक सर्वसाधारण समज आहे, आणि बहुतेक सर्वसाधारण समजांप्रमाणे तो चुकीचा आहे. गुडघा कुरकुरतो म्हणून त्याची दखल घेतली जाते, इतकंच. कान ऐकेनासे झाले की त्यांना यंत्र मिळतं, केस पांढरे झाले की रंग मिळतो, दातांना तर अख्खी नवी कवळी मिळते. जीभ मात्र कुठलीही मागणी न करता म्हातारी होते. पन्नाशीच्या आसपास तिच्यावरच्या रुचिकलिका एकेक करून कामावर यायच्या बंद होतात, राहिलेल्या आक्रसतात, वरचे बारीक उंचवटे झिजून पृष्ठभाग गुळगुळीत होतो, मधोमध भेगा पडतात, लाळ आटते, स्नायू सैलावतात आणि बुडाशी थोडी चरबी साठते. एवढी पडझड होऊनही बोलण्याच्या कामात एका दिवसाचा खंड पडत नाही. उलट ते खातं वाढतच जातं. चव घेणं कमी आणि चवीबद्दल बोलणं जास्त, अशी वयपरत्वे जिभेची बढती होत असते. (मोठ्या कचेऱ्यांतही हेच होतं, पण तिथे त्याला अनुभव म्हणतात.)

हे तत्त्व ज्या संस्थेने पूर्णपणे पचवलं होतं, ती म्हणजे पाकीटबंद सूप तयार करणारा एक कारखाना. पावडर पाण्यात टाका, उकळा आणि प्या, असं ते सूप. कारखान्याला भोंगा होता, उपाहारगृह होतं, आणि तळमजल्यावर पांढऱ्या फरशांचा एक चव विभाग होता. प्रत्येक घाण्यातलं पातेलंभर सूप तिथे यायचं आणि चव विभागाने मान डोलावल्याशिवाय एकही पाकीट बाहेर जायचं नाही. या विभागाचा एकच नियम होता, तो संस्थापकांनी घालून दिलेला आणि दारावर काचेखाली लावलेला: "चवीबाबत ज्येष्ठतम जिभेचा निर्णय अंतिम राहील." हा नियम केला तेव्हा कारखान्यातली ज्येष्ठतम जीभ संस्थापकांचीच होती, हा निव्वळ योगायोग समजावा.

सध्याची ज्येष्ठतम जीभ नानांची होती. नाना मुख्य चव-परीक्षक. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच राहिलं. मोठ्या साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना नानाच म्हणायचे. आपल्या जिभेला नाना तळहातावरच्या फोडासारखं जपत. तंबाखू नाही, बर्फाचं पाणी नाही, चहासुद्धा निवलेला. सकाळी कोमट पाण्याच्या चुळा भरल्यानंतर घरातल्या कोणीही त्यांच्याशी बोलायचं नाही, कारण उत्तर द्यावं लागलं तर जीभ विनाकारण वापरली जाते. नानांच्या पत्नी, म्हणजे काकू, बालवाडीत शिकवायच्या. दिवसभर चाळीस पोरांचा गलका ऐकून घरी येणाऱ्या बाईला नवऱ्याचं मौन नकोसं वाटलं असेल असं मानायला काही आधार नाही.

अशा या जिभेने आठ वर्षांपूर्वी नानांना दगा दिला. निमित्त साध्या सर्दीचं झालं. सर्दी गेली, नाक मोकळं झालं, पण चव काही परत आली नाही. नानांनी महिनाभर वाट पाहिली. मग आरशासमोर उभं राहून जीभ बाहेर काढली, तर तिथे उन्हाळ्यातल्या तळ्याच्या तळासारखं काहीतरी दिसलं. नानांच्या तोंडचं पाणी पळालं. (तेही आधीच कमी झालेलं होतं.)

पण अनुभवी माणूस अशा वेळी डगमगत नाही, तो वाक्य शोधतो. नानांना सापडलेलं वाक्य होतं, "मीठ किंचित कमी." हे वाक्य कोणत्याही सूपबद्दल, कोणत्याही दिवशी, चेहरा गंभीर ठेवून म्हणता येतं. 'किंचित'मुळे त्यात बारकावा येतो, 'कमी'मुळे त्यावर उपाय निघतो. शिवाय आजवरच्या इतिहासात मीठ कमी आहे म्हटल्याबद्दल कोणाचीही नोकरी गेलेली नाही. त्यानंतरच्या दोन वर्षांत सूप इतकं खारट झालं की उपाहारगृहात पाण्याचं एक पिंप वाढवावं लागलं. उन्हाळा कडक आहे, असा त्याचा अर्थ लावण्यात आला.

मग विभागात नवीन बाई आल्या. त्यांना येऊन आता सहा वर्षं झाली होती, तरी त्या नवीनच होत्या, कारण त्यांच्यानंतर कोणाला घेतलंच नव्हतं. घरी आई आणि शिकणारा धाकटा भाऊ. दोघांची मदार या एका नोकरीवर. चव विभागात पद्धत अशी की सर्वांत कनिष्ठ जिभेने पहिला घोट घ्यायचा आणि ज्येष्ठतम जिभेने शेवटचा. (सूपमध्ये काही भलतंसलतं पडलं असेल तर ते कनिष्ठांच्या पातळीवरच निस्तरावं, हा हेतू.) बाईंची जागा लांब टेबलावर नानांच्या बरोब्बर समोर होती. पहिल्याच आठवड्यात नानांच्या लक्षात आलं की बाई तोंडाने चकार शब्द काढत नाहीत, पण त्यांची डावी भुवई काही केल्या गप्प बसत नाही. खारट लागलं की ती वर जायची. अळणी लागलं की दोन्ही भुवया एकमेकींना भेटायला यायच्या. सूप जमलेलं असलं की दोघी जागच्या जागी. नानांचा जीव भांड्यात पडला.

तेव्हापासून नाना घोट घ्यायचे, डोळे अर्धवट मिटायचे आणि उरलेल्या अर्ध्यातून समोर पाहायचे. मग निर्णय द्यायचे. सहा वर्षं कारखान्याचं सूप उत्तम झालं. नानांच्या जिभेचा लौकिक दूरवर पोचला, इतर कारखान्यांची माणसं येऊन त्यांना नुसतं घोट घेताना पाहून गेली. नाना सत्काराला उभे राहायचे आणि बाई मागच्या रांगेतून टाळ्या वाजवायच्या.

सगळं सुरळीत चाललं असेल तर त्यात सुधारणा करण्याची जबाबदारी वरिष्ठांवर येते. कारखान्याचे मोठे साहेब एका शिबिराला जाऊन आले आणि येताना निष्पक्षता घेऊन आले. चव घेणाऱ्यांनी एकमेकांची तोंडं पाहिली तर निर्णय दूषित होतो, असं त्यांना तिथे कळलं होतं. आठवड्याच्या आत लांब टेबल गोदामात गेलं आणि त्या जागी प्लायवूडच्या सहा खोपट्या उभ्या राहिल्या. प्रत्येकीत एक स्टूल, एक दिवा आणि वाटी आत सरकवायला एक भोक. नाना आपल्या खोपटीत जाऊन बसले तेव्हा समोर प्लायवूड होतं. प्लायवूडला भुवया नसतात. नानांनी घोट घेतला, बराच वेळ त्या प्लायवूडकडे पाहिलं आणि आठ वर्षांपूर्वीचं ते वाक्य पुन्हा बाहेर काढलं.

पुढे काय झालं ते हिशेबानेच आलं. शेजारच्या खोपटीतून बाई दर घाण्याला "खारट आहे" अशी चिठ्ठी कचेरीत पाठवत होत्या आणि नाना दर घाण्याला मीठ किंचित वाढवत होते. नियमाप्रमाणे ज्येष्ठतम जीभ अंतिम. महिन्याभरात तक्रारी यायला लागल्या. त्यांचं वर्गीकरण करण्यात आलं ते असं: बारा वर्षांखालील मुलांनी सूप थुंकलं (दखलपात्र नाही, मुलं थुंकतातच), तरुणांनी सूप फेकलं (तरुण पिढीला कशाचीच किंमत नाही), साठीपुढच्या ग्राहकांनी मात्र आवर्जून कळवलं की कित्येक वर्षांनी सूपला सूपसारखी चव आली. या शेवटच्या पत्रांना चौकट करून ती सूचना-फलकावर लावण्यात आली.

तरीही एकाच सूपबद्दल दोन जिभा दोन गोष्टी सांगतात, ही बाब शिस्तीला धरून नव्हती. मोठ्या साहेबांनी समिती नेमली. दोहोंपैकी कोणती तरी एक जीभ सदोष आहे आणि ती कोणती हे शोधून काढायचं, एवढंच तिचं काम.

त्याच दिवशी दुपारी चुळा भरण्याच्या नळापाशी बाईंनी नानांना गाठलं. आवाज खाली ठेवून त्यांनी विचारलं, "नाना, तुम्हाला खरंच खारट लागत नाही?" नानांनी तोंडात पाणी धरलेलं होतं. ते त्यांनी गरजेपेक्षा बराच वेळ धरून ठेवलं, मग थुंकलं आणि म्हणाले, "चला, पुढचा घाणा आलाय." खोपटीकडे जाताना त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की ते चुकून दुसऱ्याच खोपटीत शिरले.

घरी आल्यावर नानांनी काकूंना सांगितलं, मी डोळे मिटतो, मीठ आणि साखर यांपैकी काहीही एक चमच्यात घेऊन माझ्या जिभेवर ठेव. काकूंनी कारण विचारलं नाही. नानांनी जिभेवर आलेला तो खरखरीत ढीग घोळवला, टाळ्याला लावला, आजवरचा सगळा अनुभव पणाला लावला आणि म्हणाले, "साखर."

"बरोबर," काकू म्हणाल्या.

बालवाडीत फळ्यावरचा आकडा चुकलेल्या पोराला रडू फुटू नये म्हणून त्या ज्या आवाजात 'बरोबर' म्हणायच्या, तोच हा आवाज होता. नानांनी डोळे उघडले. ओट्यावर मिठाची बरणी उघडी होती आणि साखरेच्या डब्याचं झाकण घट्ट होतं. काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "अहो, मला कधीचं ठाऊक आहे. पाच वर्षं तुमच्या ताटात मी मीठ निम्मं घालते, रक्तदाबासाठी. तुम्ही एकदा तरी बोललात का?" नाना त्या संध्याकाळी कितीतरी वेळ स्वयंपाकघरातच बसून राहिले. त्यांना वाईट वाटलं, आणि बऱ्याच वर्षांनी थोडं हलकंही वाटलं.

समितीच्या वतीने कारखान्याच्या डॉक्टरांनी दोन्ही जिभांची तपासणी केली. (एरवी हे डॉक्टर आजारपणाची रजा नाकारण्याचं काम करत.) त्यांचा अहवाल थोडक्यात असा. नानांची जीभ: पृष्ठभाग गुळगुळीत, जागोजागी सपाट, मधोमध एक मुख्य भेग, तिला फुटलेल्या अनेक उपभेगा, कडा पातळ, ओलावा बेताचा, शेरा, परिपक्व. बाईंची जीभ: गुलाबी, ओलसर, सर्वत्र दाट उंचवटे, शेरा, कच्ची, जाणिवेचं प्रमाण कामाच्या गरजेपेक्षा जास्त. यावरून निष्कर्ष काढायला समितीला फारसा वेळ लागला नाही. बाईंची जीभ सदोष ठरली, आणि सदोष जीभ चव विभागात ठेवता येत नसल्याने त्यांना पुढल्या महिन्यापासून निम्म्या पगारावर पाकिटांच्या गोदामात पाठवायचं ठरलं. तिथे जिभेचा उपयोग फक्त लिफाफे चिकटवायला होतो.

ठरावावर नानांची सही हवी होती. बैठकीच्या खोलीत मोठे साहेब, आस्थापना प्रमुख, भांडारप्रमुख आणि डॉक्टर असे चौघे बसले होते. चौघेही पंचावन्नच्या पुढचे. नानांनी पेन हातात घेतलं आणि परत ठेवलं.

"साहेब, सही करायच्या आधी एक सांगतो. मला चव लागत नाही."

आस्थापना प्रमुखांनी तोंड आलंय का असं विचारलं. नाना म्हणाले, नाही, आठ वर्षं झाली, मीठ आणि साखर यांतलाही फरक कळत नाही, बाईंची जीभ शाबूत आहे आणि गोदामात कोणाला पाठवायचंच असेल तर मला पाठवा. एकतीस वर्षांची अब्रू त्यांनी स्वतःच टेबलावर आणून ठेवली होती.

मोठे साहेब उठले, त्यांनी दार लावून घेतलं आणि परत येऊन बसले.

"नाना, मलाही लागत नाही. म्हणून मी काय राजीनामा देऊ?"

मग एकेकाने मन मोकळं केलं. आस्थापना प्रमुखांना गरम आणि गार एवढंच कळायचं. भांडारप्रमुखांनी सिगारेटपायी चव कॉलेजातच सोडली होती. डॉक्टर म्हणाले की हे सगळं वयाला धरूनच आहे, ते स्वतः चहा आणि कॉफी कपावरून ओळखतात. खोलीत एक प्रकारचा कौटुंबिक जिव्हाळा पसरला. पाचांपैकी पाचांना चव लागत नसल्यामुळे चव न लागणं हीच निरोगी अवस्था होय, असं बहुमताने नव्हे तर एकमताने दिसून आलं.

शंका काढली ती भांडारप्रमुखांनी. असं असेल तर मधली सहा वर्षं सूप चांगलं कसं होत होतं? नानांनी भुवईचं सगळं सांगून टाकलं. डावी वर गेली की काय, दोन्ही जवळ आल्या की काय, काहीही हातचं न राखता.

मोठ्या साहेबांचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. "सहा वर्षं? आणि ही भुवई तुम्ही कोणाच्या मंजुरीने वापरलीत?"

प्रश्न गंभीर होता. कारखान्याची अधिकृत चव सहा वर्षं एका कनिष्ठ कर्मचाऱ्याच्या अवयवावर अवलंबून होती आणि त्या अवयवाची कुठेही नोंद नव्हती. हे प्रकरण मागील तारखेपासून नियमित करून घेणं भाग होतं. संध्याकाळपर्यंत पुढीलप्रमाणे ठरलं. एक, नानांनी जे सांगितलं ते त्यांनी सांगितलेलं नाही. दोन, नानांची जीभ ज्येष्ठतम होती, आहे आणि तिला दोन वर्षांची मुदतवाढ देण्यात येत आहे. तीन, बाईंची जीभ सदोषच राहील. परंतु भुवई तोंडाच्या बाहेर असल्याने तिला हा दोष लागू होत नाही, सबब ती चव विभागाच्या सेवेत कायम करण्यात येत आहे. चार, नाना आणि बाई यांच्या खोपट्यांमधल्या प्लायवूडला दोन भुवया मावतील एवढी आडवी फट पाडावी. उरलेला चेहरा दिसण्याची आवश्यकता नाही. पाच, भुवयांच्या मान्यताप्राप्त हालचाली तीन राहतील, चौथी केल्यास खुलासा मागवला जाईल.

बाईंना आत बोलावून हे सगळं वाचून दाखवण्यात आलं. पगार पूर्ण राहणार हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "आणि माझी जीभ?"

"ती तुमच्याकडेच राहू द्या," मोठे साहेब उदारपणे म्हणाले.

बाहेर जिन्यात नानांनी बाईंना थांबवलं. म्हणाले, मी हे फार आधी बोलायला हवं होतं, माझं चुकलं. बाई म्हणाल्या, "तुम्ही भुवईकडे बघता हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं, नाना. तुम्ही बघत होतात म्हणून तर सूप बरं होत होतं. नाहीतर माझं कोण ऐकणार होतं?" नाना दोन पायऱ्या उतरून खाली गेले आणि मग वळून मनापासून हसले.

त्यानंतर बाईंनी जे केलं ते कोणत्याही कलमात बसत नाही. त्यांची डावी भुवई रोज वर जाऊ लागली. सूप जमलेलं असलं तरी, अगदी केसभर. नाना फटीतून पाहायचे, सगळं समजायचे आणि मीठ किंचित कमी करायला लावायचे. असं करत करत वर्षभरात सूपमधलं मीठ प्रकृतीला मानवेल तेवढ्यावर आलं. समितीतल्या कोणालाही त्याचा पत्ता लागला नाही, हे सांगायला नकोच. मुलांनी थुंकणं थांबवलं. गावातल्या साठीपुढच्या मंडळींचे रक्तदाब उतरल्याचं डॉक्टरांना आढळलं आणि ते त्यांनी स्वतःच्या औषधांच्या खाती जमा केलं.

तक्रारीची पत्रं मात्र येतच राहिली. फक्त ती आता वडीलधाऱ्यांची होती आणि सगळ्यांत मजकूर एकच होता: पूर्वीची चव आता राहिली नाही. दहांतली नऊ पत्रं पन्नाशीपुढच्यांची होती, दहाव्याने वय लिहिलं नव्हतं. काहींनी त्याच कागदावर हेही कळवलं होतं की भाज्यांना चव राहिलेली नाही, फळांना चव राहिलेली नाही, गाणी पूर्वीसारखी नाहीत, आणि अलीकडच्या गोष्टी वाचवत नाहीत, सगळ्या अळणी. कारखान्याने प्रत्येकाला नम्र उत्तर पाठवलं की आपल्या जिभेचा आम्हाला पूर्ण आदर आहे.

आता ही गोष्ट वाचणाऱ्यांविषयी. तुमच्यापैकी काही जण एव्हाना आरशासमोर जीभ काढून आले आहेत आणि बाकीचे घरात कोणी नसताना काढणार आहेत. त्याला आमची हरकत नाही. उद्या कोणी तुम्हाला विचारेल, कशी वाटली गोष्ट? तुम्ही पुस्तक मिटाल, डोळे अर्धवट झाकाल, जाणकारासारखे जरा थांबाल आणि उरलेल्या अर्ध्या डोळ्यांनी विचारणाऱ्याची भुवई कुठे आहे ते पाहाल. मगच तुमचं मत सांगाल.